प्लग काळा का पडतो

आत्या, लग्न होऊन मी तुमच्या घरी आले त्याच आठवड्यात एका सकाळी स्वयंपाकघरात शिरले, तर तुम्ही नर्सच्या पांढऱ्या साडीत गॅससमोर उभ्या होतात आणि चिमट्यात काहीतरी धरून आचेवर भाजत होतात. सासूला आत्या म्हणायची तुमच्या घरची रीत अजून तोंडात बसली नव्हती; मला वाटलं, सासूबाई पापड भाजतायत. तो तुमच्या मोपेडचा प्लग होता. त्यावर तेलकट काजळी बसलेली, ती जाळल्याशिवाय गाडी सुरू व्हायची नाही. मागे न बघताच तुम्ही म्हणालात, "दुसऱ्या शेगडीवर चहा ठेव. ह्याचं झालं की निघते मी."

नव्वदच्या दशकातली गोष्ट ही. पारनेर तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर तुम्ही नर्स होतात, आणि वस्त्या पठारावर कुठे कुठे विखुरलेल्या. मोपेड नसती तर निम्म्या घरांत तुमची लस पोचलीच नसती. पण गाडी पेट्रोल नुसती ढोसायची आणि प्लग काळा पडला की वाटेतच बसायची. पारनेरच्या बाजारातला मेकॅनिक दर वेळी नवा प्लग लावून द्यायचा आणि वर ऐकवायचा, "बाई, तुमी रेस लई देता. बायामान्सांच्या हाताला गाडी टिकत न्हाई." नवा प्लग थोडे दिवस बरा चालायचा, मग पुन्हा तेच.

उन्हाळ्यातल्या एका दुपारी वरच्या वस्तीवर एक बाई अडल्याचा निरोप आला आणि तुम्ही निघालात. चढावर मोपेड बंद पडली. ती बाभळीला टेकवून तुम्ही पिशवी घेऊन उन्हात पायी गेलात. पोचलात तेव्हा तिच्या सासूनंच बाळ काढलं होतं, आणि बाईचं रक्त थांबत नव्हतं. टोमॅटो भरलेला एक टेम्पो जात होता. तुम्ही तो अडवलात, क्रेट खाली उतरवायला लावलेत आणि बाईला घेऊन पारनेरच्या दवाखान्यात गेलात. ती वाचली. संध्याकाळी त्याच टेम्पोतून मोपेड घेऊन तुम्ही घरी आलात, साडीवर वाळलेले डाग. मामंजी म्हणाले, "इकून टाक ती गाडी. यष्टीनं जात जा."

"यष्टी त्या वस्तीवर जाती व्हय?" तुम्ही चपला काढत म्हणालात. "आज ही वाचली. म्होरली न्हाई वाचली, तर? गाडीला काय झालंय ते कळलं पायजे. मेकॅनिकला न्हाई, मला."

दुसऱ्या दिवशी बुद्धविहारातून आल्यावर तुम्ही अंगणात पोतं अंथरून मोपेडपाशी बसलात. मी बारावीपर्यंत सायन्सला होते, त्याचा मला भारी तोरा. मी म्हटलं, आत्या, सगळंच एकदम साफ करू, तेलही बदलू, एका झटक्यात काम होईल. तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की मी उठून आतच जाणार होते. "तापानं फणफणलेल्या पोराला दोन औषधं एकदम दिली, तर ताप कशानं उतरला ते कसं कळायचं? आन् न्हाईच उतरला, तर? एका टायमाला एकच गोष्ट बदलायची. बस खाली." मी बसले. लग्नानंतर मला कोणी इतकं स्पष्ट बोललं नव्हतं. राग आला होता, तरी बसले.

आधी तेल. पेट्रोलमध्ये तेल जास्त पडलं की प्लग तेलकट होतो, एवढं तुम्ही विचारून घेतलं होतंत. पंपावरच्या माणसाच्या हातातून डबा घेऊन औषधाच्या मापानं तुम्ही स्वतः तेल घातलंत. काही दिवसांनी प्लग काढला, तर काळाच. मग हवेची जाळी. पठारावरच्या धुळीनं तिचा स्पंज पार बुजला होता. तो धुऊन दोरीवर वाळवला. पेट्रोल जरा पुरायला लागलं, पण प्लग काळा तो काळाच. माझा धीर सुटला, तुमचा नाही. ज्या टॉर्चनं तुम्ही पोरांचे घसे बघायचात, ती टॉर्च घेऊन तुम्ही कार्बोरेटरच्या तोंडात डोकावलात आणि मला म्हणालात, "चोकचा खटका माघारी कर." मी केला. "केलास?" केला, आत्या. "मंग आतली झडप का बंद हाय?" खटका मागे येत होता, झडप निम्मी मिटलेलीच राहत होती. तार गंजून अडकली होती. गाडीला हवा कमी आणि पेट्रोल जास्त मिळत होतं. "हिचा घसाच उघडत न्हाई गं!" म्हणून तुम्ही इतक्या हसलात की मामंजी बाहेर आले.

नवी तार बसवल्यावर काही दिवसांनी प्लग काढला, तर शेंगदाण्याच्या सालीच्या रंगाचा निघाला, हवा तसा. तो तुम्ही मेकॅनिकला दाखवलात. तो म्हणाला, "माजं एक गिऱ्हाईक गेलं म्हना की." त्यानंतर मोपेड तुम्हाला वाटेत सोडून कुठे बसली नाही. त्याच वर्षी हिवाळ्यात मोकळ्या रानात तुम्ही मला ती शिकवलीत, मागून धावत, ओरडत. निवृत्त व्हायच्या आधीच साखरेच्या आजारानं तुम्ही गेलात.

आता मी नगरला असते. माझी कार पेट्रोल आणि बॅटरी, दोन्हींवर चालते. इंजिन आपोआप बंद होतं, आपोआप सुरू होतं. यंदा ती फार पेट्रोल खाऊ लागली. शोरूमवाल्यानं सांगितलं, मोठी बॅटरी गेली, बदलावी लागेल. मी म्हटलं, आधी प्लग काढा. काढले, तर चारही काळे, कोरड्या काजळीनं माखलेले. तो म्हणाला, "मॅडम, बॅटरी आणि प्लग दोन्ही एकदमच करून टाकू." मी नाही म्हटलं. फक्त प्लग बदलून घेतले, महिन्यात काळे. मग हवेचा फिल्टर पाहिला, तो स्वच्छ होता. मग गाडीला आतले आकडे दाखवणारं मशीन लावायला सांगून मी शोरूमवाल्याच्या शेजारी बसले आणि त्याला नगरभर गाडी चालवायला लावली. इंजिन पुरेसं तापतच नव्हतं. इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारी एक झडप असते, ती उघडीच अडकली होती. गार इंजिन जास्तीचं पेट्रोल पीत होतं. ती एवढीशी झडप बदलली. परवा प्लग पाहिले, रंग बरोबर आहे. बॅटरी जुनीच आहे आणि ठणठणीत आहे.

हे सगळं तुमच्यासमोर बसून सांगायचं होतं. कागदावर उतरवलं, आता घडी घालून ठेवून देईन. एक मात्र कबूल करते. शोरूममधले लोक, शेजारी, माझी मुलंसुद्धा म्हणतात, बाई भलती जिद्दीची आहे. मी हसून सांगते, माहेरचा गुण आहे तो. आत्या, माझ्या माहेरी असं कोणीच नव्हतं.