सतरा नंबरचा हौद

मी, रत्नम्मा रामलिंग बिराजदार, वय वर्षे ७१, हिवताप विभागातून निवृत्त कीटक समाहारक, म्हणजे सरकारी पगारावर डास धरणारी बाई, राहणार घर क्रमांक १६, मठ गल्ली, शिरूर अनंतपाळ, जिल्हा लातूर, आज शुक्रवारी सकाळी चहा पिऊन, चष्मा पुसून आणि पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. त्यासाठी कोणी माझा दंड धरलेला नाही. या दंडावर बसण्याची हिंमत आजवर फक्त डासांच्या माद्यांनी केली आणि त्या सगळ्या काचेच्या नळीत गेल्या. सोमवारी लातूरला माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणतात, काळजीचे कारण नाही. मला काळजी नाही, पण एक काम अर्धे राहिले आहे आणि ते कलम ४ मध्ये येईल.

या कागदावर खाडाखोड झाली तर वकील अमरेश खानापुरे यांनी रागावू नये. आमच्या नोंदवहीत खोडरबर चालत नसे. चुकले की एक आडवी रेघ मारायची, खालचे अक्षर वाचता आले पाहिजे, आणि शेजारी सही करायची. चाळीस वर्षे मी तसेच केले. मरताना नवी सवय लावून घेणार नाही.

कलम १. डास तोंडाने ओढून धरायची माझी काचेची नळी मी संघपाल सूर्यवंशी यांना कालच देऊन टाकली, इथे फक्त नोंद. संघपालभाऊ भोकरला माझ्याबरोबर फवारणी कामगार होते. पाठीवर पंप घेऊन ते पुढे आणि मी नळी घेऊन मागे, असे आम्ही गावेच्या गावे पालथी घातली. मला तीन वेळा हिवताप झाला, त्यांना एकदाही नाही. डासांनाही त्यांच्या बडबडीचा कंटाळा येत असावा. नळी धुतलेली आहे.

कलम २. माझा कपाटातला आरसा देवणीच्या त्या पाहुण्यांना पोचवावा, जे १९७९ साली मला बघायला आले होते. मुलाच्या आईने विचारले, मुलगी काय करते? माझे वडील अभिमानाने म्हणाले, डास धरते. पोहे तसेच टाकून मंडळी उठली. मुलगा टकला होता हे मी तेव्हा बोलले नव्हते, आता लिहून ठेवते. पाहुण्यांचा पत्ता हरवला आहे, त्यामुळे आरसा आमच्या गल्लीची आशा कार्यकर्ती दीपमाला हिच्याकडे गेला तरी चालेल.

कलम ३. बँकेतल्या ठेवीतून एक चांगला सूक्ष्मदर्शक घ्यावा आणि तो याच दीपमाला भुजंग मुळे हिला द्यावा. माझ्या जुन्या यंत्रात पाहून पाहून तिचा एक डोळा बारीक झाला आहे असे तिची सासू म्हणते. राहिलेल्या पैशात दर श्रावणात गल्लीला हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, करावी. गूळ हात राखून घालू नये.

कलम ४. आता मुद्द्याचे. मठ गल्लीतल्या तेवीस हौदांची माझी अकरा वर्षांची नोंदवही हीच माझी खरी इस्टेट आहे.

आमच्याकडे नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येते. तरी दरवर्षी वरून कागद यायचा, आठवड्यातून एक दिवस हौद रिकामा करून कोरडा ठेवा, म्हणजे डेंग्यूचा डास होणार नाही. कागद बरोबर होता, पण नळाने तो वाचला नव्हता. दहा दिवसांचे पाणी सातव्या दिवशी कोण ओतून देईल? म्हणून निवृत्तीनंतर मी गप्पी मासे आणले. बोटाच्या पेराएवढे असतात आणि डासांच्या अळ्या शेवया खाल्ल्यासारख्या खातात. त्याआधी तेवीसपैकी एकोणीस हौदांत अळ्या होत्या. मासे सोडल्यावर दर शुक्रवारी मी घरोघर जाऊन पांढऱ्या पळीने पाच वेळा पाणी काढायचे, अळ्या मोजायच्या आणि लिहायचे. तीन महिन्यांत बावीस हौद साफ झाले.

तेविसावा हौद घर क्रमांक १७ मधला, माझा सख्खा धाकटा भाऊ धोंडप्पा याचा. आमच्या दोघांत एक भिंत आहे. तो म्हणाला, "अक्का, आपन लिंगायत. घरात मासा ठिवला तर मठात तोंड कसं दावू?" मी हसले. आणि तो बैल घ्यायला देवणीच्या बाजाराला गेला तेव्हा मी त्याला न विचारता त्याच्या हौदात सात मासे सोडले.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो पूजेला बसला. गळ्यातले लिंग डाव्या तळहातावर घेतले, तांब्यातून पाणी घातले आणि लिंगाशेजारी तळहातावर एक मासा येऊन उडू लागला. त्याची किंकाळी बाजारापर्यंत गेली. गल्ली जमली. सगळे हसले आणि सगळ्यांत मोठ्याने मी हसले. धोंडप्पाने भर उन्हाळ्यात आख्खा हौद रस्त्यावर उपसला, घासला, आणि माझ्याशी बोलणे बंद केले.

चूक माझी होती. बावीस घरांत मी संमतीचा कागद वाचून दाखवला, सही घेतली, आणि सख्ख्या भावाला विचारले नाही. दुसऱ्या कोणी असे केले असते तर मी त्याची नोकरी घालवली असती. धोंडप्पा, मी चुकले. हसले ते तर फारच चुकले. तुझी रोज आठवण येते आणि भिंतीपलीकडे तू खोकलास की मी इकडे पाणी पिते.

बोलणे बंद झाले तरी दर शुक्रवारी भिंतीवर त्याच्या हौदाच्या पाण्याची बाटली न चुकता ठेवलेली असते. ती मी मोजते. अकरा वर्षांत सतरा नंबरच्या पाण्यात एकही अळी नाही! मासे नसताना! आमचा अहवाल एका संस्थेकडे पाठवला तर तो याच एका ओळीवर परत आला. शेरा असा, की मासे नसलेल्या घरातूनही अळ्या गेल्या आहेत, मग हे श्रेय माशांचे कशावरून? शेरा योग्य आहे. मीही तोच मारला असता. माझा संशय असा, की धोंडप्पा माझ्यावरच्या रागाने पाणी फडक्याने गाळून देतो. खरे काय ते कळेपर्यंत बाकीची बावीस घरे कोणी मानणार नाही आणि हे मासे दुसऱ्या गल्लीत जाणार नाहीत. झडप बदलण्याआधी मला एवढे एकच कळायला हवे आहे.

कलम ५. <s>माझे राहते घर क्रमांक १६ मी माझा भाऊ धोंडप्पा रामलिंग बिराजदार याला देते, मात्र अट अशी, की त्याने आपल्या हौदात मासे सोडावेत आणि दर शुक्रवारी दीपमालाला स्वतः पळीने पाणी काढू द्यावे.</s> (रेघ माझी. सही: रत्नम्मा बिराजदार. कारण खाली.)

खुलासा. वरचे कलम लिहून मी कागद साक्षीदार म्हणून आलेल्या संघपालभाऊंच्या हातात दिला. संघपालभाऊंना मनात वाचता येत नाही. त्यांनी कलम ४ आणि ५ अंगणात उभे राहून, पूर्वी गावात फवारणीची दवंडी देत त्या आवाजात वाचले. "पाणी फडक्याने गाळून देतो" इथपर्यंत आले आणि भिंतीपलीकडून अकरा वर्षांनी आवाज आला.

"गाळून दितो म्हनं! अक्का, मी अकरा साल झाली पानी गाळून दिऊन राहिलो का? लाज न्हाई का वाटत लिवायला?"

मी म्हणाले, "मग अळी कामून न्हाई रे तुझ्या पाण्यात?"

भिंतीपलीकडे हौदाचे झाकण सरकल्याचा आवाज आला. मग दाराची कडी वाजली आणि धोंडप्पा आत आला. हातात तोच पूजेचा तांब्या. माझ्यापुढे धरून म्हणाला, "बघ."

तांब्यात चार मासे होते.

संघपालभाऊंनी ते दवंडीच्या आवाजात एक ते चार मोजले. मी विचारले, हे कुठले? तर मान खाली घालून म्हणाला, "तवाचाच हाय. म्हंजी त्याची लेकरंबाळं. लिंगासंगं तळहातावर आलेला जीव, कसा टाकू गं? बाकीचे सहा गेले. हा तांब्यात ठिवला. हौद भरला की सोडला. म्हनलं एकटाच हाय, कुनाला कळतंय. तर महिन्यात तीस झाले!"

"मादी होती. पोटुशी," मी म्हणाले.

"मला काय ठाव! सोळा साली हौद कोरडा पडला तवा बादलीत ठिवले, टँकरचं पानी आधी त्यांस्नी दिलं. सकाळी जरा कनीक घालतो. नावं बी ठिवलीत."

मी म्हणाले, "मग अकरा वर्षे सांगितले का नाहीस?"

"तू हसली असतीस," तो म्हणाला.

मी हसले नाही. रडले, आणि मग इतकी हसले की संघपालभाऊ झडपेच्या काळजीने पाणी घेऊन आले. धोंडप्पाही हसू लागला, तांब्या हिंदकळला, एक मासा या कागदावर पडला. वरच्या कलमाशेजारी जो डाग आहे तो त्याचा आहे. मासा जिवंत आहे आणि परत तांब्यात आहे.

झडप बदलणाऱ्या डॉक्टरांना कळवावे, की आज सकाळी जुन्या झडपेने फार चांगले काम केले.

नोंद दुरुस्त. घर क्रमांक १७, पहिल्या वर्षापासून, "मासे नाहीत" यावर रेघ, "मासे आहेत". तेवीसपैकी तेवीस. अहवाल आजच दुपारी परत पाठवत आहे.

कलम ६. कलम ५ मधली अट उरली नाही, म्हणून मी धोंडप्पाला घर बिनशर्त लिहू लागले. त्याने पेन धरले. म्हणाला, "मला तुझं घर नगं. तितं दीपमाला मासे वाडवू दे, साऱ्या तालुक्याला द्या. मी साक्षीदार व्हतो." वकील अमरेश यांनी बजावले आहे, की ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये, पुढे भानगड होते. हे मी त्याला समजावून सांगितले. तो म्हणाला, "कळतंय मला. म्हनूनच व्हतो." सबब घर क्रमांक १६, अंगणातल्या माझ्या माशांच्या दोन्ही टाक्यांसह, मी दीपमाला भुजंग मुळे हिला देते. जो मागेल त्याला मासे द्यावेत, पण आधी विचारून आणि सही घेऊन. नोंदवही आणि पांढरी पळीही तिचीच.

कलम ७. सोमवारी काही कमीजास्त झालेच तर आमच्या रीतीप्रमाणे मला बसवून माती द्यावी. दिवस शुक्रवार असेल तर आधी पाणी मोजावे, मग मला न्यावे. भाषणे नकोत. संघपालभाऊ ऐकणार नाहीत, त्यांना पाच मिनिटे द्यावीत.

कलम ८. धोंडप्पाला या मृत्युपत्राने मी काहीही देत नाही. जे द्यायचे ते आज हयातीतच हातोहात दिले आहे: माझ्या टाकीतले वीस मासे, त्याने स्वतः निवडलेले, त्याच्या पूजेच्या तांब्यात. दुपारी तो माझ्याकडे जेवायला थांबणार आहे.

हे सर्व मी राजीखुशीने लिहिले, फार राजीखुशीने, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

ठिकाण: शिरूर अनंतपाळ
दिनांक: २१ फेब्रुवारी २०२५, शुक्रवार

सही: रत्नम्मा रामलिंग बिराजदार

साक्षीदार
१. संघपाल सूर्यवंशी. मोठ्याने वाचले, ऐकू गेले.
२. धोंडप्पा रामलिंग बिराजदार, घर क्रमांक १७. अक्काने विचारले. माझी संमती आहे.