आणणं आणि नेणं

आई, परवा ऑफिसातली एक जण म्हणाली, "सासूबाईंना गावाहून आणलं," आणि मला तू आठवलीस. दोन हजार एक साली मीही असंच सांगत सुटले होते. सायखेड्याचं घर बंद करून तुला पंचवटीतल्या आमच्या दोन खोल्यांत आणलं, त्या दिवशी शेजारीण डोकावली, तर मी मोठ्या कौतुकानं म्हणाले, "आईला आणलं आता इकडेच." तू मेथी निवडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "माणूस येतं बाई. आणत्यात तो माल." शेजारीण हसली. मीही हसले, पण मनातून चिडले होते. तुझ्या गुडघ्यांसाठी एवढी धडपड करायची आणि वर परक्या बाईसमोर हे ऐकायचं!

तू काही चुकीचं बोलली नव्हतीस. जन्मभर झेंडू आणि मेथीच्या पाट्या पहाटेच्या गाडीनं तू याच पंचवटीच्या बाजारात आणल्यास. येतोस का म्हणून मालाला कुणी विचारत नाही. मीही तुला विचारलं नव्हतं. गुडघे दुखत होतेच, पण माझी मुलगी सात महिन्यांची होती, रजा संपत आली होती आणि तिला पाळणाघरात ठेवायला माझा जीव धजत नव्हता. हे मी कधी तोंडातून काढलं नाही. तू मात्र नातीला मांडीवर घेऊन म्हणायचीस, "तुझ्यापायी आले गं मी, ठकू." म्हणजे तुला सगळं कळलं होतं. आणि तिच्यापाशी तू 'आले' म्हणायचीस, 'आणली' नाही. दारामागून ते ऐकताना मला बरं वाटायचं, इतकी मी कोडगी.

मग चार वर्षांनी तो शेवटचा उन्हाळा. फाल्गुनापासून तू एकच धरून बसलीस. मी सकाळी डबा भरतेय, तू भिंतीला टेकून उभी आहेस. "मला नेती का या रयवारी? घर बघून येऊ." एका शब्दावरून मला टोकणारी तू, आता स्वतःच 'ने' म्हणत होतीस. मी म्हणते, "या रविवारी काम आहे गं. पुढच्या रविवारी नक्की." तू म्हणतेस, "बरं." पुढच्या रविवारीही तेच.

वैशाखात तू गेलीस. दाराशी चपलांचा ढीग पडला, बायका रडत होत्या. सायखेड्याहून आलेल्या मामांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "कवा न्यायचं?" माझ्या तोंडून निघून गेलं, "रविवारी." मामा माझ्याकडे बघतच राहिले. ते स्मशानाचं विचारत होते. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, त्यांना वाटलं, पोरीला दुःखानं काही सुचत नाहीये.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही. तुला वाचता येत नव्हतं, म्हणूनच लिहायचा धीर झाला. समोर असतीस तर वाचून दाखवावं लागलं असतं. एवढंच सांगते. काम आहे म्हणाले, त्या रविवारी मला काही काम नव्हतं, आई. सायखेडा जेमतेम तासाभरावर, आणि मी दुपारभर तुझ्याच शेजारी झोपले होते.