नळी निघेपर्यंत

नागपूर, ८ फेब्रुवारी २०२५

ती. प्रेमलाताईंना वंदनाचा शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून कागदावर लिहून फोटो तुमच्या सुनेच्या, प्राचीच्या मोबाइलवर पाठवते आहे. ती मोठा करून देईल, सावकाश वाचा. यांचं ऑपरेशन गुरुवारी दुर्बिणीतून झालं. पोटावर पाच लहान भोकं, बस. स्वादुपिंडाच्या टोकाची गाठ तेवढ्या भागासकट काढली, ती तपासायला गेली आहे. तुमच्या भावाचं वजन एकशे एकवीस. दवाखान्याचा झगा मागून बांधताच येईना, शेवटी सिस्टरनं एक पुढून आणि एक मागून असे दोन घातले. त्याच अवतारात काल चालले, आणि आपल्या नांदुऱ्याच्या स्टँडवर एसटीच्या गाड्या पुकारतात तशी स्वतःच्या फेरीची घोषणा केली. सगळा वॉर्ड हसला.

पाच दिवसांत सोडू म्हणतात. पोटातून एक नळी बाहेर काढली आहे. तिच्यातलं पाणी आज चहासारखं दिसलं. सिस्टरनं पाहिलं आणि लगेच डॉक्टरांना बोलावून आणलं. बहुतेक सुरुवातीला असंच येत असेल.

तुमची माया आहेच, ती अशीच राहो.
वंदना


अमडापूर, ९ फेब्रुवारी

चि. सौ. वंदनेस अनेक आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. झग्याचं वाचून हसू आलं. लहानपणी दिवाळीच्या सदऱ्याले शिंपी त्याच्यासाठी दीड पोराचं कापड मागे. आई गेली तेव्हा उत्तम सहा वर्षाचा होता. रडला की मी खाऊ घालूनच चूप करे. तीच सवय मले नडली. डॉक्टरनं त्याले ऑपरेशनच्या आधी वजन उतरवायले सांगतलं होतं, अन् तो नेमका आठ दिवस माझ्याकडे येऊन राह्यला. तो नाही म्हणे, मी बट्टीवर तूप ओतत राह्यली.

चहासारखं पाणी काऊन येते? रक्त असते का त्यात? मोकळं लिही. इथं हरभऱ्याची सोंगणी चालू आहे, पण माझं चित्त तिथं आहे.

लोभ आहे, तो धरून राहा.
प्रेमला


नागपूर, १२ फेब्रुवारी

ती. ताईंना सा. न. वि. वि.

परवापासून यांना ताप आहे, एकशे दोनच्या खाली येत नाही. नळीतलं पाणी तपासलं. स्वादुपिंड कापून जिथं शिवलं, तिथून पाचकरस झिरपतो आहे, आणि तो सगळा नळीत न येता डाव्या बरगडीखाली साचला आहे. सोनोग्राफीत चरबीमुळे नीट दिसेना, म्हणून सिटी स्कॅन केला. उद्या सकाळी स्कॅनमध्ये बघत सुईनं दुसरी नळी घालणार. तिनं भागलं नाही तर पोट उघडावं लागेल.

मोठे डॉक्टर मला शांतपणे म्हणाले की भारी शरीरात ही ग्रंथी मऊ, चरबीची असते, टाका नीट धरत नाही, दुर्बिणीतून केलं तरी हा धोका राहतोच. आणि हे सगळं महिन्याभरापूर्वी यांना समजावून सांगितलं होतं. मला मात्र यांनी दाढ काढण्याइतकं सोपं आहे म्हणून सांगितलं होतं.

तापानं थरथरणाऱ्या माणसावर रागवायचं कसं? मी पाय दाबत बसले. ताई, एकच विचारते. तुम्हाला माहीत होतं?

वंदना


अमडापूर, १३ फेब्रुवारी

चि. सौ. वंदनेस आशीर्वाद.

माहीत होतं. उत्तमनं मले जानेवारीतच सांगतलं. रस झिरपू शकते, ताप येऊ शकते, महिनाभर नळी राहू शकते, सगळं. मी म्हटलं वंदनाले सांग, तर म्हणे ती हाय खाईल, ऑपरेशनच करू देणार नाही, तुले माझी शपथ आहे. मी चूप राह्यली. शपथ तर बहाणा झाला. मलेबी वाटलं, तू रडशील अन् तो डगमगेल. नवरा तुझा, अन् ठरवलं आम्ही भावाबहिणीनं. त्यात तूप मीच वाढलं. लोक म्हणतात एवढं वजन असल्यावर दुसरं काय होईल, अन् माझी मान खाली जाते.

मले यावं वाटते. पण तू ये म्हटल्याशिवाय येणार नाही. नळी बसली का?

प्रेमला


अमडापूर, १७ फेब्रुवारी

चि. सौ. वंदनेस आशीर्वाद.

चार दिवस झाले. तू प्राचीले फोनवर सांगतलं का दुसरी नळी बसली, दोन बाटल्या घाण निघाली, पण ताप अजून चढते-उतरते. ते कळलं. मले मात्र तुझा कागद नाही. प्राची म्हणते माझ्या पत्राले निळ्या खुणा आल्या, म्हणजे तू वाचलं. मी रोज सकाळी तिच्या मोबाइलपाशी जाऊन बसते. राग असेल तर रागाचंच लिही. दोन ओळी चालतील.

प्रेमला


नागपूर, २४ फेब्रुवारी

ती. ताईस उत्तमचा सा. न. वि. वि.

पडल्या पडल्या लिहितो आहे, अक्षर सांभाळून घे. पाच दिवस झाले, ताप नाही. दुसरी नळी काल काढली. पहिलीतून अजून थोडं थोडं येते, ती घेऊनच घरी जायचं. गाठ कॅन्सरची नाही, पण वर्षातून एकदा स्कॅन करावा लागेल. वजन अकरा किलो उतरलं. असं उतरू नये कोणाचं.

तुपाचं मी डॉक्टरले विचारलं. आठ दिवसांच्या तुपानं हे होत नाही, म्हणाले. तेवढा दोष तू सोडून दे. दुसरा सोडता येत नाही, तो आपल्या दोघांचा आहे. ताप उतरल्यावर वंदनानं तुझी मागची दोन्ही पत्रं मले वाचून दाखवली. म्हणाली की पाय दाबायला मी चालते, सांगायला चालत नाही. मग चार दिवस कामापुरतं बोलली. भीती तिले नव्हती ताई, मलेच होती. ती रडली असती तर मी दवाखान्यातून उठून आलो असतो.

आज सकाळी डॉक्टर कागद घेऊन आले. नळी घरी कशी सांभाळायची, काय झालं तर धावत यायचं, ते सांगू लागले. वंदना खाली औषधं आणायले गेली होती. मी त्यांले थांबवलं. घाईत होते, तरी थांबले. ती आल्यावर पहिल्यापासून सांगायले लावलं. तिनं नऊ प्रश्न विचारले. मले एकही सुचला नव्हता. कागदावर आधी तिनं सही केली, मग पेन माझ्या हातात दिला.

परवा नांदुऱ्याले घरी पोचतो. वंदना म्हणते, रविवारी ये. बाकीचं ती तुझ्याशी समोर बसून बोलणार आहे, तेव्हा तयारीनं ये.

तुझा
उत्तम