शिवानीचा वाटा आणि माझं कानाचं यंत्र

मी, काळूराम धर्मा घरत, वय ७२, निवृत्त आयटीआय निदेशक, राहणार रेवसजवळ, ता. अलिबाग, जि. रायगड, हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे, कोणाचा दबाव नाही. कानांविषयी पुढे लिहितो. माझं आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं.

१. राहतं घर व बँकेतली ठेव मुलगा धनेश आणि मुलगी शिवानी यांना निम्मी-निम्मी. आधी शिवानीचं नाव मी वगळलं होतं. तिने माझ्या मनाविरुद्ध लग्न केलं. पुढे "पोरगी बापाची चौकशीही करत नाही" असं मी गावभर सांगत सुटलो.

२. मला ऐकू येईना, तेव्हा विकतचं यंत्र न घेता मी ऑपॅम्पच्या, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या चिपवर घरीच बनवलं. ते किंचाळायचं. चिप नकली आणलीस म्हणून धनेशला वाटेल ते बोललो. चूक माझी होती. बॅटरीच्या पुरवठ्यावरचा कपॅसिटर चिपच्या पायाला अगदी खेटून हवा, तो मी लांब लावला होता. चिपच्या न वापरलेल्या अर्ध्या भागाचे पाय तसेच लोंबकळत सोडले होते. माइक इअरफोनला चिकटून, वर आवाज गरजेपेक्षा जास्त वाढवलेला. जन्मभर पोरांना हेच शिकवलं! गुपचूप सगळं सुधारलं.

मग पहिल्यांदा स्वच्छ ऐकू आलं ते ओटीवरून. सून जागृती मासळी साफ करत होती, फोन स्पीकरवर होता. पलीकडे शिवानी. "बाबा जेवलं का? गोल्या पाठवल्यान. माझा नाव नको सांगू, घेनार न्हाईत."

ज्या गोळ्यांसाठी मी धनेशचं कौतुक करायचो, त्या तिच्या होत्या. तिचे फोन मलाही यायचे. ऐकू येत नसे म्हणून "लाइन मेली" म्हणत मीच ठेवून द्यायचो. लाजेने मी यंत्र काढून ठेवलं आणि बहिराच राहिलो.

३. माझ्या पत्नीच्या, कै. कमळच्या बांगड्या जागृतीला. तिने नणंदेचा शब्द राखला.

४. हत्यारं आयटीआयला. सोल्डरिंग गन शेजारच्या प्रज्योतकडे आहे; मागून घ्यावी, तो आपणहून देणार नाही.

हे काल लिहून झालं. यंत्र पुन्हा कानात घातलं, जागृतीला सगळं सांगितलं आणि म्हटलं, सही झाली की शिवानीला फोन करतो. ती म्हणाली, "आताच करा, बाबा. सही मागून." तेव्हाच फोन केला, म्हणून तारीख आजची आहे. शिवानी सकाळच्या बोटीने आली. आत चहा करते आहे.

साक्षीदार : डॉ. हर्षद थळे, किशोरी म्हात्रे (शेजारीण)

सही : का. ध. घरत
ठिकाण : रेवस
दि. १२ फेब्रुवारी २०२५