पाळीची पाटी

सोमवार, ४
नवं घर, नवी नोकरी आणि ही नवी वही. ताईने दिलेली, दोन वर्षं कोरीच पडली होती. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट लहान आहे, पण सकाळचं ऊन थेट ओट्यावर येतं. चष्म्याच्या दुकानातलं काम उद्यापासून, सुट्टी दर गुरुवारी.

खोकी उघडतेय तोच इमारतीचे सेक्रेटरी स्वतः नियम सांगायला आले. इथे एक निळी पत्र्याची पाटी दारोदार फिरते. आठवडाभर ती ज्याच्या दारावर, त्याची पाळी. इमारतीत कोणी हाक मारली की पाळीवाल्याने धावायचं, बाकीच्यांनी मध्ये पडायचं नाही. पूर्वी म्हणे सगळेच धावायचे. एकदा एक बाई चक्कर येऊन पडल्या, तर जिन्यात अठरा माणसं कोंबली गेली, अठरा जणांचे अठरा सल्ले, आणि पाणी कोणीच आणलं नाही! तेव्हापासून ही पाटी. सोमवारी सकाळी ती पुढच्या दारावर जाते. मला तर फार पटलं. ताईला फोनवर सांगितलं, तर म्हणाली की कुठे नियम दिसला की मी हुरळतेच.

गुरुवार, ७
शेजारच्या मास्तरांशी ओळख झाली. गणिताचे निवृत्त शिक्षक, एकटे राहतात, काठी टेकत चालतात. आमच्या दोन घरांत एकच भिंत आहे. माझा मिक्सर त्यांना ऐकू जातो, त्यांचा खोकला मला. त्यांच्या चष्म्याची काडी लोंबत होती, मी स्क्रू घट्ट करून दिला. खूश झाले. म्हणाले, काही लागलं तर भिंतीवर तीनदा ठोका, मी येतो. मी विचारलं, मग पाळीचं काय? हसून म्हणाले की ते गणित त्यांना कधी सुटलंच नाही.

गुरुवार, १४
खरं तेच लिहायचं.

दुपारी अडीचला मास्तरांकडे काहीतरी जड पडलं. मग भिंतीवर काठी. तीनदा, थांबून पुन्हा तीनदा. मी दाराच्या भिंगाला डोळा लावला. समोरच्या दाराचं भिंगही काळं झालं होतं, म्हणजे तिथेही कोणीतरी उभं होतं. पाटी या आठवड्यात वरच्या वहिनींच्या दारावर आहे. त्या येतीलच, असं मी स्वतःला सांगत राहिले. कडीवर हातही ठेवला. पण नुकतीच राहायला आलेली मी, दुसऱ्याच्या पाळीत नाक खुपसलं असं व्हायला नको.

चहा केला. प्यायलेसुद्धा. सव्वाचारला ठोकणं थांबलं आणि मला हायसं वाटलं.

रविवार, १७
मास्तर गेले. परवा दार फोडलं तेव्हा काठी हातातच होती. डॉक्टर म्हणाले, तासाभरात कोणी पोचलं असतं तर वाचले असते.

आज सभा झाली. वहिनी माहेरी गेल्या होत्या, पाटी बंद घराच्या दारावर तशीच. ऐकलं सगळ्यांनी होतं आणि वहिनी पोचल्या असतील असं सगळ्यांनाच वाटलं होतं. मी झोपले होते असं सांगितलं. मग वहिनींचा असा संताप आला की मी उठून नियम सुचवला: जो पाळी चुकवेल, त्याच्याच दारावर पाटी आणखी एक आठवडा. एकमताने मंजूर, उद्यापासून लागू. तुमच्यासारखी माणसं हवीत, असं सेक्रेटरी म्हणाले. मला बरं वाटलं. मास्तरांना जाऊन तीन दिवस झालेत आणि मला बरं वाटलं.

सोमवार, १८
पाटी माझ्या दारावर आली. या वेळी मी धावणार. काहीही होवो.

बुधवार, २०
कामावरून आले आणि भिंतीत ठोकणं. तीनदा, थांबून तीनदा. पळत गेले. मास्तरांच्या दाराला कुलूप. सेक्रेटरींना विचारलं. पाईप वाजत असेल म्हणाले, आणि पाळी तुमची, तुम्हीच बघा.

गुरुवार, २१
दुपारी स्टुलावर चढून पडदा लावत होते. पुन्हा ते तीन ठोके. धावायचं म्हणून खाली उडी मारली आणि स्टूल सरकलं. मांडीतून कट्‌ असा आवाज. पाय भलतीकडेच वळलाय. वही टीपॉयवरून ओढून घेतली. फोन ओट्यावर, चार्जिंगला. दार चार हातांवर, पण सरकताच येत नाही. ओरडतेय.

पाच वाजता — दाराखालच्या फटीत पावलं. पाच-सहा जणांची. सुटले!

बेल वाजवली त्यांनी. सेक्रेटरी म्हणाले, ताई, केव्हाचं कोणीतरी ओरडतंय, पाळी तुमची आहे, जरा बघता का. मी किंचाळले की ती मीच आहे, दार फोडा. बाहेर कुजबुज झाली. मग वहिनी म्हणाल्या, ताईंचाच आवाज की हा, म्हणजे त्या पोचल्या वाटतं तिथे. कोणीतरी सुस्कारा सोडला. मला ओळखू आला तो सुस्कारा. त्या गुरुवारी माझाच होता.

पावलं गेली.

शुक्रवार
फोन वाजला. दुकानातून असेल. तिघं आहेत तिथे, प्रत्येकाला वाटेल की दुसऱ्याने — पुन्हा नाही वाजला.

घसा बसला. भिंत हाताशी आहे. पेनाने ठोकतेय. तीन. थांबून तीन.

शनिवार
पाणी —
सोमवारी पाटी हलेल. मग दुसऱ्याची पाळी. तो येईल. सोमवारपर्यंत तग —

फटीतून चिठ्ठी आली. सेक्रेटरींचं वळणदार अक्षर. आपल्या पाळीत हाकेची दखल घेतली गेली नाही, सबब आपणच सुचवलेल्या नियमानुसार पाटी आणखी एक आठवडा आपल्याच दारावर राहील. सहकार्याबद्दल आभार.

नंतर
ठोकलं. तीनदा.

पलीकडून — तीनदा.

काठी. फरशीवर. तिकडे कुलूप आहे. तरी दार उघडल्याचा —

माझ्या दाराशी थांबली. भीती वाटतेय. त्याहून लाज.

कडी हलतेय. मास्तर. त्यांची पाळी नाही, तरी —