विहिरीकडची पात

दौंड, २२ ऑगस्ट २०२४

तीर्थरूप सगुणाआत्यास,
गौतमीचा शि. सा. न. वि. वि.

दसऱ्याला झेंडू तोडायला येते म्हटलं की तू फोनच ठेवतेस, म्हणून हे पत्र. पत्र अर्ध्यावर टाकायचा तुझा स्वभाव नाही.

परवा पुण्याला तपासणी झाली. माझ्या हृदयाचा रक्त ढकलणारा एकच कप्पा कामाचा, म्हणून लहानपणी ऑपरेशन करून अशुद्ध रक्ताला थेट फुप्फुसांची वाट करून दिली, ते तू जाणतेसच. या वेळी दंडाला पट्टा आवळला, सोडला आणि बोटाला यंत्र लावून बारीक रक्तवाहिन्या किती मोकळ्या होतात ते पाहिलं. माझ्या फारशा होत नाहीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, की बसून राहू नकोस, रोज चाल. रक्त वर ढकलायला तुझ्या पोटऱ्यांचीच मदत आहे.

तेव्हा यंदा बांधावर हार ओवत बसणार नाही. शेतात प्रत्येक बाईला तिची ओळ, तिची पात असते. मलाही माझी पात हवी.

तुझी हट्टी,
गौतमी

मांडवगण फराटा, ३० ऑगस्ट

चि. गौतमीस,
सगुणाआत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र पुरतं वाचलं आणि डोकं फिरलं. ऑपरेशनच्या आधी दोन पावलं टाकलीस की तुझे ओठ निळे पडायचे. ते मी पाहिलंय, तुझ्या डॉक्टरीणबाईंनी नाही. तुला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू दिला नाही, म्हणून आज तू मला उलट लिहू शकतेस. शेजारची ललिता म्हणाली, की पोरीला येऊ द्या की वं. तिच्याशी बोलणं बंद केलंय.

पात मिळणार नाही. हारासाठी नवी सुई आणली आहे. राग आणि माया दोन्ही आहेत, त्यातली माया ठेवून घे.

सगुणाआत्या

दौंड, १५ सप्टेंबर

ती. आत्यास,
शि. सा. न., आणि थोडा राग माझाही.

आण्णा कुरकुंभहून शिफ्ट करून आले की आम्ही बापलेक चालायला जातो. आधी मला धाप लागायची, आता त्यांनाच लागते. पोटऱ्या दुखतात आणि मला ते दुखणं आवडतं.

आत्या, भीती मलाही वाटते. पण बसून त्या वाहिन्या ताठ होणार असतील तर मी बसून का मरू? शब्द वाईट आहे, तरी खोडत नाही. पुढच्या तपासणीला तू चल, हवं ते विचार. डॉक्टरीणबाई नाही म्हणाल्या तर मी मुकाट सुई धरीन.

वाट पाहणारी,
गौतमी

मांडवगण फराटा, ४ ऑक्टोबर

चि. गौतमीस,
अनेक आशीर्वाद.

पुण्याहून सुखरूप पोहोचले. तू आत तपासणीला गेलीस तेव्हा मी डॉक्टरीणबाईंना गाठलं. झेंडू कसा तोडतात ते तिथंच वाकून दाखवलं आणि विचारलं, की पोर उन्हात दमंल, धाप लागंल, तवा काय करायचं? त्या म्हणाल्या, जड उचलू देऊ नका, धाप लागली की सावलीत बसवा, पाणी द्या आणि बरं वाटलं की परत जाऊ द्या. थांबवायचं मला ठाऊक होतं. परत जाऊ द्या, हे आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

विहिरीकडची पात तुझी. तिथं सावली जवळ आहे. टोपली मी उचलीन, त्यावर वाद नको. ललिताशी बोलायला लागले आहे.

आपल्याकडे मागं राहिलेल्या बाईची पात शेजारच्या पातीवरची बाई पुढच्या टोकाकडून धरते आणि तोडत तिच्याकडे येते. तुझी कुणी धरायची नाही, असं मी सगळ्यांना बजावलंय. कितीही वेळ लागो, तूच संपवायची. तोवर मी बांधावर हार ओवत बसते.

तुझी,
सगुणाआत्या