सात नंबरचे कार्ड

ती. दाजींस,

मी आपल्या पत्नीचा धाकटा भाऊ, वाणिज्य शाखेचा पदवीधर, आणि आपण ज्या कंपनीचा टँकर चालवीत होता तिच्या सुरक्षा विभागाचा प्रमुख. आपण हे जाणताच. तरी लिहितो, कारण सोबतची जबानी चौकशी अधिकाऱ्यांकडे याच ओळखीने गेली आहे.

इकडे सर्व क्षेम. आपल्या उजव्या डोळ्याची पट्टी शुक्रवारी निघणार, असे ताईकडून कळले. ती पुढे म्हणाली, "दवाखान्यात येतोस, संत्री ठेवतोस, खुर्ची सरळ करतोस नि जातोस. तोंडाला कुलूप घरूनच लावून येतोस का?"

टँकरमध्ये काय भरले आहे आणि गळती झाल्यास काय करावे, हे सांगणारे कार्ड केबिनच्या दाराच्या खिशात असावे, असा नियम आहे. गेल्या वर्षी दोन कार्डे मळकी निघाली म्हणून तपासणीत शेरा मिळाला. तेव्हापासून मी सर्व कार्डे कपाटात कुलूपबंद ठेवली. तपासणीपुरती बाहेर काढीत असे. चालक रोज सकाळी नोंदवहीत 'कार्ड मिळाले' अशी सही करून रिकाम्या हाताने निघत. माझ्या शर्टावरून मला नाव ठेवणारे आपण एकदाच कुरकुरलात: "अरे इस्त्री, कार्ड कपाटात नि ॲसिड माझ्या पाठीशी. उलटलो तर कपाटाला हाक मारू होय?" सगळे हसले. मीही हसलो, आणि पेन पुढे केले.

त्या दुपारी टँकर वळणावर आडवा झाला. धोक्याचा फलक खाली दबला होता, आपण बेशुद्ध होता. अग्निशमन दलाच्या जवानाने दाराच्या खिशात हात घातला; तो रिकामा होता. त्यांनी पाणी मारले आणि ॲसिड उसळले. कार्डावरची दुसरीच ओळ अशी आहे: पाणी मारू नये, कोरडी वाळू टाकावी.

चौकशीत आपली सही दाखवून 'कार्ड चालकाने हरवले' असे ठरू लागले. परवाना रद्द होण्याची वेळ आली. मला विचारले गेले तेव्हा मी म्हणालो, "नोंद नियमानुसार आहे." हे वाक्य खोटे नव्हते, म्हणून ते मला दीड महिना पुरले.

आज सकाळी खरे ते लेखी दिले. कार्डे आता दाराच्या खिशात असतात, दुसरी प्रत टँकरच्या मागच्या पेटीत. काल दलाच्या लोकांना बोलावून अपघाताची रंगीत तालीम घेतली. कार्ड हाती यायला अकरा सेकंद लागले. आठवड्याभरातच सगळी मळली आहेत. वाचता येतात.

माझी नोकरी राहीलसे वाटत नाही. आपला परवाना राहावा, एवढीच विनंती जबानीच्या शेवटी केली आहे. हे पत्र ताईच आपल्याला वाचून दाखवील. वाचताना ती थांबली, तर तिला थांबू द्यावे.

सात नंबरचे, म्हणजे आपले, कार्ड पुरावा म्हणून जमा केले आहे. त्यावर एकही डाग नाही.

आपला अपराधी,
इस्त्री

स्थळ: कार्यालय, कपाटासमोरचे टेबल
दिनांक: १९, बुधवार